सासूबाई जड झाल्या, असं लोक म्हणतील ना?

"मॅडम, मदत मागायला काही नाही, पण लोक म्हणतील, हिला सासू जड झाली."

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षानुवर्षं येतं आहे. कधी सासूच्या जागी वडील असतात, कधी अंथरुणाला खिळलेला नवरा. बोलणारी बहुतेक वेळा बाईच असते. फोंड्याच्या हिंदू घरातून येते, सासष्टीच्या कॅथलिक घरातून येते, वास्कोच्या फ्लॅटमधून येते. २०११च्या जनगणनेत गोव्यात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर होतं, देशाचं साडेआठच्या आसपास. म्हातारी माणसं जास्त, आणि कमावती मुलं शिपवर, आखातात नाहीतर पुण्या-बंगळुरूला. मागे घरात एक सून किंवा एक अविवाहित मुलगी उरते, आणि सगळं तिच्यावर येतं.

यातल्या एका ताईंची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सासरे नोकरीनिमित्त मुरगाव बंदरात आले, तेव्हापासून हे पुण्याकडचं मराठी ख्रिस्ती कुटुंब इथलंच झालं. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट परंपरेतलं घर. गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इगर्ज, म्हणजे कॅथलिक चर्च, आणि तिथलं फेस्त, म्हणजे संताचा उत्सव, येतं. मराठीतून उपासना करणाऱ्यांची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, लहान, त्यामुळे सगळे एकमेकांना धरून असतात. बाप्तिस्मा असो, लग्न असो की मयत, कुणी बोलावण्याची वाट पाहत नाही. पण जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे सगळे सगळ्यांना बघतही असतात.

सासूबाईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, उपचार झाले आणि त्या घरी आल्या. ताईंचे यजमान शिपवर, मुलगा बारावीला, नणंद पुण्याला. ताई माझ्याकडे आल्या त्या झोप येत नाही म्हणून. खरं दुखणं थोड्या वेळाने बाहेर आलं.

"आईंना पेज भरवताना त्यांनी तोंड घट्ट मिटलं की माझा हात शिवशिवतो, मॅडम. मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून उभी राहते. मी रविवारच्या शाळेत वीस वर्षं मुलांना प्रीती शिकवली. माझ्या मनात असं यावं?"

"हात उचललात का कधी?"

"नाही. देवाशपथ नाही."

"मग तुम्ही त्या क्षणी जे करायला हवं तेच करताय. भांडं खाली ठेवताय आणि बाजूला होताय."

रागाची लाज वाटणाऱ्या प्रत्येकीला मी हे आधी सांगते. अपुऱ्या झोपेवर दिवसरात्र एकाच माणसाचं करताना राग येणं हे प्रेम आटल्याचं लक्षण नाही. राग आल्यावर आपण काय करतो, एवढंच आपल्या हातात असतं. ताईंच्या बाबतीत रागापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्यांच्याकडे माणसं येत होती, भरपूर येत होती. दर रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाच्या चार-सहा जणी घरी येत. प्रार्थना करत, गीतं म्हणत. बोलता न येणाऱ्या सासूबाई ओळखीच्या गीताच्या ओळी मात्र अडखळत म्हणत. डाव्या मेंदूला इजा झाली की बोलणं जातं, पण पाठ झालेलं गाणं अनेकदा शाबूत राहतं. बायकांना तो चमत्कार वाटे. मग गीत संपलं की सासूबाई हुंदके देऊन रडत.

"त्या रडल्या की सगळ्या माझ्याकडे बघतात," ताई म्हणाल्या. "कुणी काही बोलत नाही. पण मला कळतं ना."

पक्षाघातानंतर काही जणांना रडू किंवा हसू आवरत नाही. मनात तेवढं दुःख नसतानाही रडू फुटतं, कारण ते आवरणारी मेंदूतली यंत्रणाच दुखावलेली असते. मी ताईंना हे डॉक्टरांना विचारायला लावलं. त्यांनी तेच सांगितलं, औषधही दिलं. ताई कितीतरी वेळ गप्प होत्या. त्या रडण्याचा दोष त्या इतके महिने स्वतःकडे घेत होत्या.

तरीही मदत मागायला त्या तयार नव्हत्या. बाई ठेवायचं नाव काढलं की विषय बदलायच्या. मी कधीही एकट्या माणसाकडे बघून थांबत नाही. तो ज्या माणसांमध्ये उभा आहे, त्यांनी त्याला कुठे उभं केलं आहे, हे मी शोधते. आणि बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते. मी विचारलं, "मंडळीत तुमच्याबद्दल काय बोलतात?"

त्या हसल्या. "चांगलंच बोलतात. मदर्स डेला माझा सत्कार केला. आदर्श सून म्हणून शाल दिली. चर्चच्या पाळकसाहेबांनी वेदीजवळ बोलावून माझ्यासाठी प्रार्थना केली."

"शाल कुठे आहे?"

"कपाटात. प्लास्टिकमधून काढलीसुद्धा नाही."

"का?"

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी पाळकसाहेबांना सांगणार होते, की आठवड्यातून दोन तास कुणी आईंजवळ बसेल का, मला उपासनेला यायचंय. शाल अंगावर घातल्यावर कसं सांगणार?"

मला वाटतं, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांच्या लक्षात येते. एकटीने सगळं करणाऱ्या बाईला टोमणे बांधून ठेवत नाहीत, तिला कौतुक बांधून ठेवतं. टोमण्याला उलट उत्तर देता येतं, निदान मनातल्या मनात तरी. कौतुकाला उत्तर नसतं. तुम्ही एखादीला सगळ्यांसमोर आदर्श ठरवलंत, की थकायचा तिचा हक्क तुम्ही काढून घेतलात. सत्कार करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण कौतुक करून मंडळीला आपण काहीतरी केल्यासारखं वाटलं, आणि ताईंच्या घरी दर दोन तासांनी कूस बदलायला हात तेवढेच दोन राहिले.

पुढच्या वेळी मी त्यांना त्यांच्याच विषयात नेलं. मुलांना सांगायला सगळ्यात आवडणारी गोष्ट कोणती, असं विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "छपराची." येशूच्या घराभोवती गर्दी झाली, पक्षाघात झालेल्या माणसाला आत नेता येईना, म्हणून आणणाऱ्यांनी छप्पर उकलून त्याला बाजेसकट खाली सोडलं. मार्काच्या शुभवर्तमानातली गोष्ट. त्या सांगताना हातवारे करत होत्या, डोळे चमकत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना तशा पाहिल्या नव्हत्या.

"किती जणांनी उचललं होतं?"

"चौघांनी. मार्क आकडा देतो."

"का हो, घरच्या एकट्या माणसाने पाठीवर घालून आणलं असतं, तर?"

"एकट्याने कसं आणणार? माणूस लुळा म्हणजे केवढा जड—"

तिथे त्या थांबल्या. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते जमतं याचा मला अभिमान आहे. शेवटी त्याच म्हणाल्या, "हे मी मुलांना कधी विचारलंच नाही. त्या चौघांना बोलावलं कुणी?"

"शास्त्रात काय लिहिलंय?"

"काहीच नाही. पण चौघे आपोआप जमत नाहीत. घरातलं कुणीतरी बाहेर जाऊन म्हणालं असणार की, या, मला एकटीला होत नाही." आणि मग त्या रडल्या, पुष्कळ रडल्या. डोळे पुसून पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "तिला कुणी विश्वासात कमी पडली म्हणालं नाही."

मला हवं होतं ते त्यांनी स्वतःच्या तोंडून म्हटलं होतं. मी ख्रिस्ती नाही. पण समोरच्याचा आधार जिथे आहे, तिथूनच वाट काढावी, यावर माझा पक्का विश्वास आहे. मी त्यांना चार पुस्तकं वाचून दाखवली असती, तरी ज्या गोष्टीने त्या वाढल्या तिची बरोबरी झाली नसती.

पुढचं काम ताईंच्या घरी झालं. पाळकसाहेब, महिला मंडळाच्या तिघी आणि व्हिडिओ कॉलवर नणंद. मी ताईंना म्हटलं, आईंना वर सरकवायचं असतं तेव्हा काय करता, ते दाखवा. त्यांनी एक गुडघा पलंगावर टेकवला, सासूबाईंच्या काखेत हात घातला आणि ओढलं. कमरेत चमक भरली, ती चेहऱ्यावर दिसली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या तिघी बघत राहिल्या. इतके महिने त्या येत होत्या, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण त्या यायच्या आत ताई सगळं आवरून ठेवत.

मग फिजिओथेरपिस्टने ताईंना सांगितलेली, पण एकटीला न जमणारी रीत आम्ही करून पाहिली. आडवी चादर खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालायची, दोन्हीकडून कडा गुंडाळून शरीराजवळ घट्ट धरायच्या, एकीने एक-दोन-तीन म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम उचलून वर घ्यायचं. लुळ्या हाताला किंवा काखेत धरून कधी ओढायचं नाही, खांदा निखळतो. चौघींनी चादर धरली आणि सासूबाई अलगद वर गेल्या. एक मावशी म्हणाल्या, "अगं, हे आम्हाला आधी सांगायचंस की!" ताई म्हणाल्या, "आता सांगतेय."

पाळकसाहेबांनी तेव्हा सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलला मेथडिस्टांवर इमारतीचं कर्ज होतं. ते फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी काढायची ठरलं, आणि साधारण बारा-बारा जणांचे गट पाडून प्रत्येकाला एक पुढारी नेमला. तो पैसे घ्यायला घरोघर जाऊ लागला आणि घरातली दुखणी-खुपणी त्याला दिसू लागली. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी मग तीच त्या मंडळीची पद्धत केली. त्यांच्या १७८६च्या एका प्रवचनात आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांना सल्ला आहे की, आधी विचारा, घरात अन्न आहे का, कपडे आहेत का, सरपण आहे का. आत्म्याचं त्यानंतर. पाळकसाहेब म्हणाले, "आम्ही क्रम उलटा केला होता."

आता आठवड्याचा तक्ता ताईंच्या फ्रिजवर आहे. रविवारी सकाळी पाळीपाळीने एकजण सासूबाईंजवळ बसते आणि ताई उपासनेला जातात. मंगळवारी आणि शुक्रवारी दोघी अंघोळीच्या वेळी येतात. दिवसा येणाऱ्या बाईचा अर्धा पगार नणंद पाठवते. बाई ठेवायला यजमान सुरुवातीला नाखूश होते. "आईला परक्याच्या हातात?" असं शिपवरून म्हणाले. सुट्टीवर आल्यावर एक आठवडा रात्रीची पाळी त्यांनी केली, त्यानंतर तो प्रश्न निघाला नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर मदत मागताना "काही लागलं तर सांगेन" यावर थांबू नका. वार, वेळ आणि काम सांगा: "बुधवारी चार ते सहा तुम्ही आईंजवळ बसाल का? मला बँकेत जायचंय." असं विचारलं की माणसाला हो किंवा नाही म्हणता येतं. नाही म्हणणाऱ्याचा राग धरू नका, दुसऱ्याला विचारा. मंडळी म्हणजे चर्चच हवं असंही नाही. वाड्यावरच्या भजनी मंडळालाही हेच लागू आहे. गोव्यातच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांबरोबर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागार घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना माहिती आणि आधार देत होत्या, आणि त्या घरांतल्या काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलेलं आढळलं. त्या सल्लागार काही डॉक्टर नव्हत्या.

भेटायला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. खुर्चीवर बसायच्या आधी विचारा, आत्ता काय करायचं राहिलंय? आजारी माणूस रडला तर सुनेकडे बघू नका. भरवायला बसलात तर घरच्यांना विचारून बसा. पाठीला आधार देऊन ताठ बसवल्याशिवाय घास देऊ नका, आणि ठसका लागत असेल तर थांबा. सत्कार करायचाच असेल, तर आधी तिला एक दुपार झोपू द्या.

आणि ताई, तुमच्यापैकी कुणाला स्वयंपाकघरात नळ सोडूनही हात आवरणार नाही असं वाटत असेल, सलग रात्री झोप लागत नसेल, किंवा आपण नसलो तर बरं असे विचार येत असतील, तर तक्ता आणि पाळ्या नंतर. आधी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करा, पैसे लागत नाहीत आणि तो दिवसरात्र चालू असतो. बांबोळीला मानसोपचार संस्थेची ओपीडीही आहे. फोन कुणी उचलला की काय बोलायचं सुचत नाही, असं बऱ्याच जणी सांगतात. "मी घरी आजारी माणसाचं करते आणि आता मला होत नाहीये" एवढं म्हणा, पुढचं ते विचारतील.