नवस वडिलांचा, पाचारण कोणाचे?

प्रश्न: आमचे खानापूर तालुक्यातील मेथडिस्ट कुटुंब आहे. मुलगा जन्मला तेव्हा अत्यवस्थ होता. तो वाचला तर बायबलमधील हन्नेप्रमाणे त्याला प्रभूच्या सेवेला देईन, असा नवस मी केला होता. यंदा तो दुसऱ्या पीयूसीत (बारावीत) वाणिज्य शाखेतून ५४ टक्क्यांनी उत्तीर्ण झाला, बी.कॉम. करून त्याचे काही होईल असे वाटत नाही. युवकांमधील सेवेचे नेतृत्व शिकवणारी पदवी कोठे मिळेल? ती घेतल्यावर मंडळीत (चर्चमध्ये) त्याची नेमणूक होईल ना? विचारले तर तो काही बोलत नाही, दिवसभर उद्यमबागेत मामाच्या वर्कशॉपमध्ये असतो. थोरली मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मंडळीतील संडे स्कूल आणि तरुण संघ सध्या तीच पाहते; तिच्यासाठी स्थळे पाहत आहोत.

उत्तर: आपल्या पत्रात मुलाचे आजारपण, आपला नवस आणि त्याचे गुण हे सर्व आले आहे, मात्र त्याचे स्वतःचे एकही वाक्य आलेले नाही. ‘तो काही बोलत नाही’ ही ओळ मला त्या ५४ टक्क्यांपेक्षा अधिक काळजीची वाटते. या वयाचा मुलगा स्वतःच्या भवितव्याविषयी गप्प राहतो, तेव्हा त्याची संमती गृहीत धरणे धोक्याचे असते. आणि आपल्या घरात तर त्याने नकार दिला तर तो देवालाच दिलेला नकार ठरेल, असे ओझे त्याच्यावर कळत्या वयापासून आहे. आपण श्रद्धेने शब्द दिलात, त्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु तो शब्द आपला होता, आणि त्याची फेड मुलाच्या आयुष्यातून परस्पर करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मला स्पष्टपणे लिहिलेच पाहिजे.

हन्नेचा दाखला आपणच दिला आहे, म्हणून त्याच कथेचा पुढचा भाग पाहावा. हन्नेने नवसाने झालेल्या शमुवेलाला मंदिरात आणून सोडले होते, तरीही देवाने त्याला स्वतः नावाने हाक मारली आणि उत्तर त्या मुलाने स्वतः दिले. आईचा नवस तेवढ्यावर पुरेसा मानला गेला नाही. त्याच मंदिरात एली याजकाचे दोन मुलगे केवळ घराण्यामुळे याजक झाले होते, आणि त्यांनी ती सेवा कशी भ्रष्ट केली हे आपण जाणता. पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, नसताना पाळक (पाद्री) झालेला मनुष्य स्वतः कुढतो आणि मंडळीलाही त्याचा त्रास होतो.

‘बी.कॉम. करून काही होणार नाही, म्हणून सेवा’ हा विचार मला त्याहूनही अधिक खटकला. पाळक होण्यासाठी घेतली जाणारी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी कमी गुणांच्या मुलांची सोय म्हणून निर्माण झालेली नाही. तिच्यात जुना व नवा करार, मंडळीचा इतिहास, ईश्वरविज्ञान, नीतिशास्त्र, भारतातील इतर धर्म आणि पाळकीय समुपदेशन यांचा अभ्यास असतो, शिवाय हिब्रू किंवा ग्रीक भाषा असते. कंटाळून बसलेल्या मुलाला हा अभ्यास झेपणार नाही, आणि तेथे तो दुसऱ्यांदा स्वतःला नापास समजू लागेल.

आता नेमणुकीविषयी, कारण या बाबतीत अनेक कुटुंबांचा गैरसमज असतो. अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती महाविद्यालयांत युवक सेवा ही बी.ए.ची स्वतंत्र शाखा असते, कारण तेथील बऱ्याच मंडळ्या पगारी युवक पाळक ठेवतात. आपल्या भागात तरुण संघाचे काम बहुधा विनामोबदला चालते, आणि युवकांची सेवा हा विषय ईश्वरविज्ञानाच्या व्यापक अभ्यासक्रमाचा एक भाग म्हणून शिकवला जातो. शिवाय येथे क्रम उलटा आहे: आधी मंडळी उमेदवाराला पारखते व त्याची शिफारस करते, मग तो सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या महाविद्यालयात जातो, आणि पाळकपदाची दीक्षा द्यायची की नाही हे शेवटी चर्चच ठरवते. स्वतःच्या खर्चाने पदवी आणून मंडळीपुढे ठेवली म्हणून जागा निर्माण होत नाही. पदवीचा दर्जाही प्रवेशापूर्वी तपासावा. बंगालमधील सेरामपूर कॉलेज १८१८ साली स्थापन झाले. पदव्या देण्याचा अधिकार त्याला १८२७ च्या डॅनिश राजसनदेने मिळाला आणि १९१८ च्या कायद्याने तो पक्का झाला. या कॉलेजच्या सिनेटशी (पदव्या देणाऱ्या मंडळाशी) संलग्न सेमिनरींची बी.डी. बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये चालते, परंतु चर्चबाहेरील नोकरीत ती बी.ए.च्या जागी धरली जाईलच असे समजू नये. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यताही ख्रिस्ती संस्थांमधील मान्यता आहे. ती सरकारी विद्यापीठाची मान्यता नव्हे.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रातील शेवटच्या ओळीत आहे. तरुण संघ आणि संडे स्कूल जी आजच सांभाळते, तिच्याविषयी आपण दोन वाक्ये लिहिली, आणि त्यांतल्या एकाचा शेवट स्थळांवर होतो. मंडळीतील मुले तिच्याकडे येतात, तिचे ऐकतात; हा पुरावा कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा मोठा आहे. मेथडिस्ट चर्च स्त्रियांना दीक्षा देते, आणि चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये ई. पुष्पा ललिता २०१३ साली बिशप झाल्या, त्यामुळे ‘मुलीला कोण पाळक करणार’ हे कारण आता टिकत नाही. तरीही तिच्यावर आपला नवस ढकलू नका. तिला काय करायचे आहे ते प्रथम तिलाच विचारा. तिला दीक्षेची ओढ असेल, तर पदवीनंतर मंडळीच्या शिफारशीने बंगळूरचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज किंवा पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी हे मार्ग आहेत, दोन्हीकडे इंग्रजीतून. कन्नडमधून शिकायचे असल्यास मंगळूरचे कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज आहे. सीमाभागातील मुलांशी घरची मराठी आणि शाळेतली कन्नड अशा दोन्ही भाषांत बोलता येणे हे तिचे खरे बळ आहे, तेव्हा कन्नडचा विचार तिने कमीपणाचा मानू नये. दीक्षा नको, पण काम नेटके शिकायचे असेल, तर एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून सोबत सेरामपूर सिनेटचा बहिस्थ ‘बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज’ करणे मला अधिक योग्य वाटते. तरुण संघातली मुले आज परीक्षेची भीती, व्यसन, प्रेमभंग, पुण्या-गोव्याकडच्या नोकऱ्या असे प्रश्न घेऊन येतात, आणि केवळ प्रार्थना घेणारा नेता त्यांना अपुरा पडतो. अठरा वर्षांखालील मुलांसोबत काम करणाऱ्याला बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा माहीत असलाच पाहिजे. अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मंडळीची अब्रू हे ती दाबण्याचे कारण होऊ शकत नाही.

मुलगा रोज आपणहून वर्कशॉपमध्ये जातो, याकडे दुर्लक्ष करू नका. दहावीच्या गुणांवर आयटीआयला किंवा बेळगावच्या गव्हर्न्मेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटरच्या पदविकेला प्रवेश घेता येतो. मामांना सोबत घेऊन तेथे जाऊन या. त्याआधी मात्र आपण त्याला जवळ बसवून, तो नवस माझा होता, तुझ्यावर त्याचे बंधन नाही, असे स्वतःच्या तोंडाने सांगावे. त्यानंतर तो काय बोलतो ते ऐकून घ्यावे, आणि मुलीच्या स्थळांची बोलणी तिचे उत्तर कळेपर्यंत थांबवावीत.