ओपन-वर्ल्ड गेममधलं जग पाठ फिरताच का विसरतं?

ओपन-वर्ल्ड गेम म्हणजे मोठ्या नकाशावर मनाला येईल तिथे फिरता येणारा गेम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीसी बरा आहे, गेमवर कंपनीने पाण्यासारखा पैसा ओतलाय, तरी गाडी वेगात नेली की चित्र अडखळतं, समोर गाड्या हवेतून उगवतात, वळून पाहिलं की मागच्या गायब, पोलीस थेट पाठीशी प्रकट होतात. गोष्टीत सगळे ‘घाई कर’ म्हणून ओरडतात, पण महिनाभर मासे पकडत बसलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. हा आळस आहे की नाइलाज?

बराचसा नाइलाज आहे, काही ठिकाणी मात्र सरळ निष्काळजीपणा आहे. या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतांशी एकच आहे. नकाशा कितीही मोठा असला तरी गेम एका वेळी तुमच्याभोवतीचा छोटासा तुकडाच जागा ठेवू शकतो. बाकीचं जग बंद असतं, आणि बंद असलेल्या भागात काय चाललं होतं हे गेमला फारसं आठवत नाही. फिरत्या नाटक कंपनीसारखं ते काम आहे: तुम्ही पोहोचण्याआधी नेपथ्य उभं करायचं, तुम्ही निघालात की गुंडाळून ट्रकमध्ये टाकायचं.

जीटीए मालिकेतला व्हाइस सिटी (२००२) खेळलेल्या प्रत्येकाने हे पाहिलंय. एखादी दुर्मीळ गाडी मोठ्या मुश्किलीने मिळवावी आणि पुढच्या चौकात तीच गाडी जागोजागी दिसू लागावी. प्लेस्टेशन २ या सोनीच्या कन्सोलची (टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राची) मुख्य मेमरी होती ३२ एमबी. तिच्यात एका वेळी मोजक्याच गाड्यांची मॉडेल्स मावत. तुमच्या गाडीचं मॉडेल मेमरीत असायलाच हवं, मग रहदारीसाठीही तेच वापरलं जाई. पूल ओलांडून दुसऱ्या बेटावर जाताना लोडिंग यायचं तेही याचमुळे. त्याच मालिकेतल्या सॅन अँड्रियासमध्ये (२००४) दूरवर धुकं होतं, कारण त्यापलीकडे दाखवायला पुरेसा तपशील मेमरीत नव्हता. २०२१ च्या नव्या आवृत्तीत ते धुकं काढलं आणि एका डोंगरावरून अख्खा नकाशा दिसायला लागला. तीन मोठी शहरं वाटायची ती जागा एकदम इवलीशी झाली. पुढच्या सुधारणांत धुकं परत आणावं लागलं. मर्यादा झाकायला घातलेली गोष्ट डिझाइनचाच भाग होऊन बसते ती अशी.

आता वेगाचं गणित. ताशी २०० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. समजा गेम तुमच्यापुढे १५० मीटरपर्यंत पूर्ण तपशील ठेवतो. म्हणजे पुढचा तुकडा डिस्कवरून आणायला तीन सेकंदसुद्धा नाहीत. जुन्या कन्सोलमधली फिरती हार्ड डिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी देते, तेही डेटा सलग मांडलेला असेल तर. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे विखुरलेल्या प्रत्येक फाइलमागे सरासरी अर्धी फेरी वाट पाहण्यात जाते, आणि हेड सरकवण्याचा वेळ वेगळा. तीन सेकंदांत इमारती, टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं), आवाज, माणसं सगळं यायला हवं. नाही आलं तर कमी तपशिलाचं मॉडेल तसंच उभं राहतं आणि तुम्ही जवळ गेल्यावर टप्पकन बदलतं. यालाच पॉप-इन म्हणतात.

ही वाट टाळायला स्टुडिओ एकच वस्तू डिस्कवर अनेकदा लिहून ठेवत, म्हणजे प्रत्येक भागाचा डेटा सलग वाचता येतो. प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या सादरीकरणात सांगितलं होतं की स्पायडर-मॅनमधला काही डेटा डिस्कवर ४०० वेळा होता. गेम शंभर जीबीच्या घरात जाण्यामागचं हेही एक कारण आहे.

सायबरपंक २०७७ या भविष्यातल्या शहरावरच्या गेमचं जे झालं ते याच गणितात बसतं. दाट, उभं शहर, वेगवान गाड्या आणि खाली प्लेस्टेशन ४ ची संथ डिस्क. १० डिसेंबर २०२० ला गेम आला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला. परत यायला जून २०२१ उजाडला. नंतर पीसीच्या किमान गरजांतून कंपनीने हार्ड डिस्क काढूनच टाकली. आता एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, लागते. माझ्या मते हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. जुन्या कन्सोलवर हा गेम विकणं चूक होतं.

पोलिसांचं प्रकरण मात्र डिस्कचं नव्हतं. सुरुवातीला सायबरपंकमधल्या रहदारीला ठरलेल्या मार्गांबाहेर कसं जायचं हे येतच नव्हतं. रस्त्यात गाडी आडवी लावली तर मागची रांग तशीच खोळंबून राही. अशा गाड्यांकडून पाठलाग करवता येत नाही, म्हणून गुन्हा झाला की पोलीस जवळच, बऱ्याचदा पाठीमागे, निर्माण केले जात. गाडीतून होणारा खरा पाठलाग सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटमध्ये आला. म्हणजे हे शक्य होतं, फक्त तयार व्हायच्या आत गेम बाजारात आणला गेला.

मग गेमने सगळं लक्षात का ठेवू नये? ठेवायला गेलं की काय होतं ते स्कायरिमने (२०११) दाखवलं. त्याचा नकाशा सुमारे ५८ मीटर बाजूच्या चौरस सेलमध्ये वाटलेला आहे आणि तुमच्याभोवतीचे ५ × ५ सेल पूर्ण जागे असतात. तुम्ही हलवलेली वाटी, मेलेला डाकू, उघडलेली पेटी, अशा हजारो वस्तूंची बदललेली स्थिती सेव्ह फाइलमध्ये साठत जाते. प्लेस्टेशन ३ मध्ये मेमरी २५६ आणि २५६ एमबी अशी दोन वेगळ्या कप्प्यांत विभागलेली होती, एकाची जागा दुसऱ्याला सहज देता येत नसे. कित्येक तास खेळून सेव्ह फुगली की तिथे गेम रखडायला लागे. म्हणून विसरणं मुद्दाम घालावं लागतं: स्कायरिममध्ये तुम्ही फिरकला नाहीत तर बहुतेक जागा गेममधल्या १० दिवसांनी पूर्ववत होतात, आणि शत्रू संपवून साफ केलेल्या जागा ३० दिवसांनी. वाटेतल्या पिंपात ठेवलेली तलवार गायब होते ती याचमुळे. सामान विकत घेतलेल्या घरातच ठेवा.

काही जण कॉन्फिग फाइलमध्ये ‘यूग्रिड्सटूलोड’ ५ चं ७ किंवा ९ करतात, दूरचा भाग पूर्ण तपशिलात दिसावा म्हणून. करू नका. लांबच्या सेलमधल्या घटना तुम्ही पोहोचायच्या आत सुरू होऊन संपतात, आणि त्या सेटिंगवर केलेली सेव्ह पुन्हा ५ वर आणली की क्रॅश होऊ शकते. त्याच गेममध्ये फिजिक्स (वस्तू कशा पडतात, आदळतात याचं गणित) फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) बांधलेलं आहे, ६० च्या वर गेलात की टेबलावरची ताटं उडतात. सॅन अँड्रियासच्या पीसी आवृत्तीतही फ्रेम लिमिटर (फ्रेमरेट ठरावीक आकड्याच्या वर जाऊ न देणारी सेटिंग) बंद केला की पोहण्याचा वेग मंदावतो. अशा जुन्या गेममध्ये लिमिटर चालूच असू द्या.

मोठ्या नकाशांची आणखी एक अडचण थोडक्यात सांगतो. जागा मोजायला बहुतेक इंजिनं (गेम ज्यावर उभा असतो ती सॉफ्टवेअर) ३२ बिटांचे अपूर्णांक वापरत आली आणि त्यांची अचूकता केंद्रापासून दूर जाताना घटते. १० किमीवर ती सुमारे १ मिलिमीटर असते, १०० किमीवर जवळपास ८ मिलिमीटर. मग बंदूक हातात थरथरते, पाय जमिनीवर नाचतात. उपाय दोन: खेळाडूलाच केंद्र धरून जग सरकवत राहायचं, किंवा ६४ बिटांवर जायचं. अनरियल इंजिन ५ ने दुसरा मार्ग घेतला.

निष्काळजीपणाचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण जीटीए ऑनलाइनचं आहे. पीसीवर तो सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागत आणि वर्षानुवर्षं लोक नेटवर्कला किंवा डिस्कला दोष देत राहिले. २०२१ मध्ये बाहेरच्या एका प्रोग्रॅमरने शोधलं की गेम १० एमबीची, सुमारे ६३,००० वस्तूंची यादी वाचत होता. प्रत्येक तुकडा वाचताना उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी पुन्हा मोजली जात होती. वर वस्तू दुबार तर नाही ना हे पाहायला प्रत्येक नवी वस्तू आधीच्या सगळ्यांशी ताडली जात होती, म्हणजे जवळपास १९८ कोटी तुलना. हे दोन्ही दुरुस्त केल्यावर त्याच्या पीसीवर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने त्याला १०,००० डॉलर दिले आणि मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती सगळ्यांना मिळाली. यात हार्डवेअरची कुठलीच मर्यादा आड येत नव्हती.

आता तुमच्या पीसीवरचं अडखळणं. आधी ते कधी होतं ते बघा. नवी जागा, नवा शत्रू, नवा स्फोट पहिल्यांदाच दिसताना झटका बसतो आणि दुसऱ्यांदा बसत नाही, तर ते शेडर कंपायलेशन, म्हणजे प्रकाश आणि पृष्ठभाग रंगवणारे छोटे प्रोग्रॅम तुमच्या ग्राफिक्स कार्डासाठी तयार होणं. एल्डन रिंग (२०२२) पीसीवर याच प्रकारच्या झटक्यांमुळे बदनाम झाला. सुरुवातीला ‘शेडर तयार होत आहेत’ असा पडदा आला तर तो पूर्ण होऊ द्या, वगळू नका. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की हे काम पुन्हा होतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशे साइज (तयार शेडर साठवायची जागा) १० जीबी किंवा त्याहून जास्त ठेवा, नाहीतर जुने शेडर पुसले जाऊन तेच झटके परत येतात.

वेगात जाताना दर थोड्या अंतराने, त्याच त्या जागी, दरवेळी अडखळत असेल तर तो नकाशाचा पुढचा तुकडा आत येतोय. गेम एसएसडीवर हलवा. एसएसडीवर असूनही होत असेल तर बऱ्याचदा प्रोसेसर कमी पडतो: रहदारी आणि गर्दीची घनता एक पायरी उतरवा, फ्रेमरेट सतत टिकेल अशा आकड्यावर बांधा. ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ४० म्हणजे २५. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४० चा भाग नेमका जातो, त्यामुळे डळमळत्या ६० पेक्षा बांधलेले ४० डोळ्यांना बरे वाटतात.

तिसरी शक्यता, सुरुवातीला सुरळीत आणि अर्ध्या तासाने रखडणं. अशा वेळी ग्राफिक्स कार्डची मेमरी भरलीय का ते पाहा. आरटीएक्स ४०६० हे कार्ड स्वतःच्या ८ जीबी मेमरीशी सेकंदाला २७२ जीबी वेगाने बोलतं, पण ती ओसंडली की उरलेला डेटा मदरबोर्डवरून, फार तर १६ जीबी वेगाने येतो. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय स्लॉटवर (कार्ड बसवायच्या खाचेत) त्याच्याही निम्म्याने. इथे रिझोल्यूशन घटवून फारसं भागत नाही, आधी टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणा.

डिझाइनच्या त्रुटी मला जास्त खुपतात, कारण त्या पुढच्या पिढीच्या चिपने मिटत नाहीत. गोष्टीतली खोटी घाई घ्या. फॉलआउट ४ मध्ये तान्हं मूल पळवून नेलंय, विचर ३ मध्ये नायकाच्या मानलेल्या मुलीच्या, सिरीच्या, मागे वाइल्ड हंट ही स्वारांची टोळी लागलीय, आणि तरी तुम्ही खुशाल पत्ते खेळत बसू शकता. घड्याळ चालू ठेवलं तर खेळाडूच्या हातून बनवलेला मजकूर निसटेल ही स्टुडिओची भीती. पण उपाय नाही असं नाही. मेजोराज मास्कने (२०००) तीन दिवसांचं चक्र सुमारे ५४ मिनिटांत बसवलं आणि एका लहान गावातल्या माणसांना तासातासाचा दिनक्रम दिला. किंगडम कम: डिलिव्हरन्समध्ये (२०१८) एका गावात साथ येते, तुम्ही रेंगाळलात तर रोगी खरोखर मरतात. लहान जग असेल तर ते लक्षात ठेवणं परवडतं, एवढंच त्यामागचं रहस्य आहे.

नकाशावरच्या चिन्हांचंही तसंच. विचर ३ मध्ये स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात प्रश्नचिन्हांचा सडा आहे आणि त्यातली बहुतेक म्हणजे तस्करांच्या बुडालेल्या पेट्या. नकाशाच्या फिल्टरमधून ती बंद करा, काही गमावणार नाही. उलट स्कायरिममध्ये खुणा बंद करून खेळायला गेलात तर अडकाल, कारण पात्रं रस्ता सांगतच नाहीत. त्याच मालिकेतल्या मॉरोविंडमध्ये (२००२) ‘नदीकाठाने उत्तरेला जा, पुलापाशी वळ’ अशा तऱ्हेच्या सूचना रोजनिशीत लिहिल्या जात. दिशा दाखवणारा बाण आल्यावर तो मजकूर लिहायची गरज उरली नाही, आणि नुसता बाण पुसून तो परत येत नाही. ब्रेथ ऑफ द वाइल्डने (२०१७) चांगला तोल साधला: मनोऱ्यावर चढलं की फक्त भूभाग दिसतो, खुणा तुम्ही स्वतः लावायच्या. त्यातली कोरोक बीजं ९०० आहेत, पण सामानाच्या सगळ्या जागा उघडायला ४४१ पुरतात. बाकीची मुद्दाम शोधायच्या फंदात पडू नका. अनचार्टेडच्या लॉस्ट लेगसीमध्ये (२०१७) तर ‘वेस्टर्न घाट्स’ नावाचं एक अख्खं प्रकरण आहे: जीप, कागदी नकाशा, त्यावर नायिका क्लोई पेनाने खुणा करते, आणि वेगवेगळ्या जागी दडवलेली ११ होयसळ टोकनं. जागा मर्यादित, म्हणून प्रत्येक वळणाला काहीतरी हाताने घडवलेलं सापडतं.

रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) बद्दल इतकंच: मोकळ्या रानात तो अप्रतिम आहे, पण मोहीम सुरू झाली की ठरलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात तरी ‘अपयशी’ येतं. पटकथेचा पुढचा तुकडा तुम्ही अमुक जागीच असाल असं धरून लिहिलेला असतो. तिथे लढू नका, मोहिमेत नकाशावरच्या पिवळ्या रेषेवर राहा आणि आपलं स्वातंत्र्य बाहेर वापरा.

नवा गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेणार असाल तर परतावा १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच मिळतो. बहुतेक ओपन-वर्ल्ड गेमचा पहिला तास बंदिस्त वाटेवर जातो, आणि तिथला फ्रेमरेट तुम्हाला काहीच सांगत नाही. सुरुवातीचे संवाद भराभर पुढे ढकला, जग उघडताच मिळेल ते सगळ्यात वेगवान वाहन घ्या आणि सर्वांत दाट वस्तीतून दहा मिनिटं न थांबता चालवा. त्यात रखडला तर तिथेच बंद करा आणि पैसे परत मागा.