चांदोदजवळ नर्मदेतील वाळूच्या बेटांवर कॅनोची गटसहल: पोहता येत नसेल तर जावे का?

आपण बडोद्यात नव्याने राहायला आला आहात, चांदोदजवळ वाटाड्याच्या सोबतीने कॅनो वल्हवत नर्मदेतील वाळूच्या बेटांवर नेणाऱ्या एका दिवसाच्या गटसहलीबद्दल आपल्याला कळले आहे, आणि आपण दोघे व आपली 12 वर्षांची मुलगी यांपैकी कोणालाही पोहता येत नाही. तेव्हा जावे का, केव्हा जावे आणि आयोजकाची पारख कशी करावी, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की अवश्य जावे, परंतु डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच जावे, आणि आयोजकाची पारख त्याच्या होड्यांवरून करण्यापेक्षा बेटावर उतरल्यानंतर तो माणसांना कसा सांभाळतो यावरून करावी. या पट्ट्यात मी अनेक हिवाळे गटांबरोबर फिरलो आहे आणि अलीकडे सर्वांच्या मागे राहणाऱ्या होडीची जबाबदारी माझ्याकडे असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोहता न येणाऱ्याला भीती वाटते ती होडी उलटण्याची. ती स्वाभाविक आहे. पण हिवाळ्यातील संथ पाण्यात, लाइफ जॅकेट (पाण्यावर तरंगवणारे जॅकेट) नीट बांधलेले असताना होडी उलटली तर माणूस भिजतो, घाबरतो आणि काही मिनिटांत पुन्हा होडीत बसतो. खरा धोका वाळूवर पाय टेकल्यानंतर सुरू होतो. होडीत प्रत्येकजण सावध असतो. वाळूवर उतरताच जॅकेटे निघतात, डबे उघडतात, फोटो सुरू होतात आणि मुले घोटाभर पाण्यात खेळू लागतात. नदीतील वाळूचा पट्टा सगळीकडून सारखा उतरता नसतो. ज्या बाजूने प्रवाह येतो त्या बाजूला तो हळूहळू उतरतो; प्रवाह जिकडे जातो त्या टोकाला आणि मुख्य धारेच्या कडेला मात्र तो एकाएकी तुटतो, म्हणजे एक पाऊल गुडघाभर पाण्यात आणि पुढचे पाऊल डोक्यावरून पाणी जाईल अशा खोलीत पडू शकते. त्यात ज्या भागांतून यंत्रांनी वाळू उपसली जाते, तेथे पाण्याखाली खड्डे राहतात. वरून पाणी शांत आणि उथळ दिसते, पण खड्ड्याची कड पायाखालून सरकते आणि बाहेर येण्यासाठी धडपडावे तितकी वाळू अधिकच घसरते. मे 2024 मध्ये चांदोदच्या समोरच्या काठावर, पोइचा येथे, आंघोळीला उतरलेल्या एकाच गटातील सात जण बुडाले. ते सगळे काठावरून सहज पाण्यात शिरलेले लोक होते.

म्हणून आयोजकाला पहिला प्रश्न हा विचारावा: "बेटावर आम्ही पाण्यात कुठे उतरू शकतो आणि कुठे नाही, हे आपण कसे ठरवता?" ज्याला नदी ठाऊक आहे तो सांगेल की आधी तो स्वतः वल्ह्याने किंवा काठीने तळ चाचपत चालतो, हद्द ठरवून तेथे खुणेच्या काठ्या रोवतो, त्या हद्दीबाहेर कोणालाही जाऊ देत नाही, आणि पाण्यात पाय घालणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट असते. "तिथे काही खोल नाही, सगळे आंघोळ करतात" असे उत्तर मिळाले, तर त्याच्या होड्या कितीही नव्या असोत, नम्रपणे नकार द्यावा.

बेट गेल्या वर्षी जिथे होते तिथेच असेल, असेही धरून चालू नये. पूर्वी नर्मदा वरच्या खोऱ्यातून प्रचंड वाळू आणत असे. आता ती सरदार सरोवराच्या जलाशयात अडते, आणि धरणाखालच्या पात्राला वाळू मिळते ती मुख्यतः ओरसंगसारख्या उपनद्यांकडून. चांदोद-करनाळीच्या संगमावर ओरसंगचा वेग मंदावतो, तिने आणलेली वाळू तेथे बसते, आणि म्हणूनच त्या परिसरात पट्टे तयार होतात. एक पावसाळा गेला की त्यांची जागा, लांबी आणि उंची बदलते. सप्टेंबर 2023 मध्ये सरदार सरोवरातून मोठा विसर्ग झाला तेव्हा चांदोदच्या वस्तीत पाणी शिरले होते. अशा पुरानंतर जुन्या ओळखीचे पात्र नव्याने शिकावे लागते. "या पट्ट्यावर आपण शेवटचे केव्हा गेला होता?" हा दुसरा प्रश्न. त्याच आठवड्यात, असे उत्तर आले पाहिजे. वाटाड्याबरोबर चांदोदचा एखादा नावाडी असेल तर मला ते सर्वांत आश्वासक वाटते, कारण रोज त्या पाण्यावर असणाऱ्या माणसाला धार कुठे सरकली हे न मोजताही कळते.

तिसरा प्रश्न धरणाच्या पाण्याचा. सरदार सरोवराच्या पायथ्याशी 1200 मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे, आणि त्यातून बाहेर पडणारे पाणी नदीच्या पात्रातच येते. वीज किती हवी यावर जनित्रे चालतात, त्यामुळे आकाश निरभ्र असताना आणि कुठेही पाऊस नसताना नदी चढू शकते. खाली गरुडेश्वरचा बंधारा आहे, त्याने हा चढ-उतार काहीसा सौम्य होतो. तरीही पाण्यापेक्षा हातभरच उंच असलेल्या पट्ट्यावर बसलेल्या गटाला थोडाही चढ महत्त्वाचा असतो. आमच्या गटात उतरताक्षणी पाण्याच्या काठावर एक काटकी रोवली जाते आणि एका माणसाचे काम तेवढेच असते: तिच्याकडे पाहत राहणे. पाणी काटकीच्या पलीकडे सरकू लागले की जेवण अर्धे राहिले तरी निघायचे. होड्या अर्ध्या पाण्यात आणि अर्ध्या वाळूवर न ठेवता पूर्ण वर ओढून एकमेकींना बांधायच्या, कारण पाणी चढल्यावर पहिली जाते ती होडी, आणि मग माणसे बेटावर अडकतात. आयोजकाने प्रशासनाकडे पाणी सोडण्याबाबत चौकशी केली आहे का, आणि त्या जागी नौकाविहाराची परवानगी आहे का, हेही स्पष्ट विचारावे.

जॅकेटांविषयी बडोदेकरांना वेगळे सांगण्याची गरज नसावी. 18 जानेवारी 2024 रोजी बडोद्यातील हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हते. तेव्हापासून येथील पालक प्रश्न विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत. फक्त "जॅकेट आहे का" एवढ्यावर थांबू नये. जॅकेट माणसाला किती जोराने तरंगवते हे न्यूटनमध्ये मोजतात; 50 न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी असते. पोहता न येणाऱ्याने 100 न्यूटनचे, मानेमागे कॉलर असलेले, तोंड पाण्याबाहेर ठेवायला मदत करणारे जॅकेट मागावे. ते वल्हवताना जरा अडचणीचे होते. ती अडचण सोसावी. मुलीसाठी तिच्या वजनाच्या मापाचेच हवे. ते घालून सर्व पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी धरून वर उचलून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे, आणि पाण्यात ते मुलीला सोडून वर येईल.

आता प्रत्यक्ष कॅनोविषयी. ही दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी होडी. दोघांची कॅनो साधारण पाच मीटर लांब असते आणि प्रत्येकाच्या हातात एकाच पात्याचे वल्हे असते. मागे बसणारा दिशा सांभाळतो, पुढचा गती देतो. आपण तिघे एकाच होडीत बसू नका. आपल्या प्रत्येकाच्या होडीत मागे अनुभवी माणूस असावा, आणि मुलगी मुख्य वाटाड्याच्या होडीत असावी. मुलगी आईवडिलांजवळ असेल तर सुरक्षित, असे मनाला वाटते, पण पोहता न येणारे पालक पाण्यात तिला आधार देऊ शकत नाहीत. निघण्यापूर्वी काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवून दाखवणारा आणि प्रत्येकाला एकदा तरी जॅकेटवर तरंगू देणारा वाटाडा उत्तम. त्या दहा-पंधरा मिनिटांत अर्धी भीती जाते. होडी उलटली तर तिला धरून राहायचे, पण प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला राहायचे, म्हणजे होडी आणि एखादा खडक किंवा झाड यांच्यामध्ये आपण सापडणार नाही. उभे राहण्याची घाई करायची नाही. पाठीवर तरंगत पाय वर, प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे. पुढे एक जाणकार होडी, मागे एक, आणि मधल्या कोणीही या दोघांच्या बाहेर जायचे नाही, हा गटाचा नियम. शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटला बांधलेली असावी: एक फुंक म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट.

मगरींबद्दल आपण विचारले नाही, पण बडोद्यात राहता म्हणजे विश्वामित्रीतील मगरी ऐकून माहीत असतील. त्या नदीत कधीही होडी घालू नये. नर्मदेतही मगरी आहेत, आणि हिवाळ्यातील सकाळी त्या वाळूवर ऊन खात पडलेल्या दिसतात. दुरूनच कळले तर गट वळसा घालून दुसऱ्या पट्ट्यावर जातो. होडीतून हातपाय पाण्यात सोडायचे नाहीत आणि खरकटे पाण्यात टाकायचे नाही. फेब्रुवारीनंतर मगरी वाळूत खणून अंडी घालतात, आणि मार्चपासून नदी सुरय, टिटव्या असे पक्षी उघड्या वाळूवरच घरटी करतात. त्यांची अंडी वाळूच्या रंगाची असल्यामुळे पायाखाली चिरडली तरी कळत नाही, आणि आपण तासभर तिथे बसलो तर उन्हाने तापून जातात. आपण कोणाच्या घरात जाऊन बसतो आहोत याचे भान मला फार महत्त्वाचे वाटते. म्हणून मार्च ते जून या काळात बेटांवर नेणाऱ्या सहलीत मी स्वतः जात नाही, पाणी कितीही अनुकूल असो. त्यानंतर पावसाळा येतो आणि प्रश्नच मिटतो.

दिवसाची आखणी साधी आहे. बडोद्याहून डभोईमार्गे चांदोद 50 ते 60 किलोमीटर. उजाडताना घाटावर असावे. नवशिक्या गटाचा वेग ताशी तीन-चार किलोमीटरच असतो, त्यामुळे जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटरांपेक्षा मोठी सहल कोणी सुचवली तर थांबे वजा करून हिशेब करून पाहावा. हंगामाच्या शेवटी ऊन वाढू लागले की दुपारी पश्चिमेकडून वारा येतो. नदी पश्चिमेलाच वाहते, त्यामुळे खाली जाताना तो तोंडावर बसतो. परतीची गाडी खालच्या घाटावर असेल तर हा टप्पा सकाळीच उरकलेला बरा. चांदोदला सकाळी अस्थिविसर्जनासाठी आलेल्या कुटुंबांच्या नावा असतात; त्यांच्यापासून दूर राहून, आवाज न करता पुढे जावे. शौचाची सोय बेटावर नसते, हे विशेषतः स्त्रियांना आधी सांगत नाहीत आणि मग त्या दिवसभर पाणी पीत नाहीत; तेव्हा गट किती वेळाने सोय असलेल्या काठावर थांबेल, हे आधीच विचारून घ्यावे. दशम्या, सुकी चटणी, गूळ-शेंगदाणे आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी पुरते. त्याच दिवशी गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचे दर्शन घ्यावे असे आपल्याकडील बहुतेक मराठी घरांना वाटते. तसे असेल तर दर्शन सहलीनंतर ठेवावे, आधी नव्हे, म्हणजे पाण्यावर उतरायला दुपार होणार नाही.

कोणी नर्मदेतीलच कबीरवड बेटाची सहल सुचवली तर तो वेगळा मामला आहे. भरूचच्या वर शुक्लतीर्थ-कबीरवडापर्यंत समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम पोहोचतो, पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते, आणि अमावस्या-पौर्णिमेला हा फरक मोठा असतो. तेथे भरतीचे कोष्टक पाहून वेळ ठरवणाऱ्याबरोबरच जावे. मही नदीच्या खालच्या पट्ट्यात तर खंभातच्या आखातातील भरती इतक्या जोराने आत येते की नवशिक्यांनी तिकडे जाऊच नये.

शेवटचा प्रश्न पैशांचा, आणि तो संकोच न करता विचारावा: त्या दिवशी सकाळी पाणी योग्य नाही म्हणून सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतील का, की दुसरी तारीख मिळेल? हा प्रश्न मी सुरक्षेचाच मानतो. रद्द केल्यावर ज्याचे नुकसान होते, आणि ज्याच्यासमोर पैसे भरलेली, पहाटे उठून आलेली वीस माणसे उभी असतात, त्याला "आज नको" म्हणणे कठीण जाते. ज्याने हे आधीच लिहून दिलेले असते, त्याला ते सोपे जाते. डिसेंबरातील तारीख घेतली तर एखादी सहल पुढे ढकलली गेली तरी हंगामात जागा उरते, म्हणून मी आपल्याला जानेवारीअखेरची नव्हे तर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातील तारीख घ्यायला सुचवेन.