रात्री चेहऱ्याला काय लावता, ते आधी सांगा

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते. वय एक्केचाळीस. भाच्याच्या हळदीच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये अपर लिपला वॅक्स करून घेतलं, तर पट्टी ओढताच ओठावरची सालच निघाली. आता तिथे तपकिरी डाग राहिलाय. गालांवर वांग आहे म्हणून मेडिकलमधून आणलेली एक क्रीम रोज रात्री लावते, बाकी काही लावत नाही. चेहऱ्यासाठी कोणतं वॅक्स चांगलं? कटोरी वॅक्स घरी आणू का?

उत्तर : वॅक्सचं सांगतेच, पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या क्रीमपाशी मी थांबले. ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरांतली नावं वाचा. वांगासाठी सर्रास खपणाऱ्या कितीतरी क्रीममध्ये तीन औषधं एकत्र असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादं स्टेरॉइड. ट्रेटिनॉइनने त्वचेचा सगळ्यात वरचा थर पातळ आणि सैल होतो, मग वॅक्स केसासोबत सालही ओढून आणतं. स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलं तर कातडीच नाजूक होते. शिवाय त्यानेच चेहऱ्यावरची लव वाढू शकते, हे फार कमी जणींना कोणी सांगतं. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या पार्लरमध्ये गोरं व्हायची क्रीम म्हणून वर्षानुवर्षं हीच ट्यूब लावणाऱ्या बायका येतात आणि मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून खुर्चीत बसवल्यावर माझा पहिला प्रश्न तोच असतो, रात्री चेहऱ्याला काय लावता?

तुमच्या ट्यूबवर ही नावं निघाली, तर ती मनाने एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवलं की चेहरा लाल होऊन पेटल्यासारखा होऊ शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा, ती कशी सोडायची ते त्यांनाच ठरवू दे. तोवर ना वॅक्स, ना थ्रेडिंग, ना ब्लीच. लव खुपत असेल तर छोट्या कात्रीने जपून कापा. डागावर लिंबू, बेसन काही चोळू नका. रोज सकाळी एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन लावा, ढगाळ दिवशीसुद्धा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर असे डाग जायला काही महिने लागतात, पण बहुतेक वेळा ते फिके होतात.

रेटिनॉलचं सीरम, अ‍ॅडापेलिनचं मुरुमांचं जेल यांनीही ट्रेटिनॉइनसारखीच वरची साल नाजूक होते. वॅक्सच्या दोन ते पाच दिवस आधी ते थांबवावं असं त्वचेचे डॉक्टर सांगतात, मी तर पूर्ण आठवडा धरते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या संपल्यावरही सहा महिने वॅक्स नको.

आता कटोरी वॅक्स. हातापायांचं पट्टीने ओढायचं मऊ वॅक्स केसाला चिकटतं तसंच कातडीलाही चिकटतं. ते ओठावर लावूच नये, आणि दुकानातल्या तयार कोल्ड स्ट्रिप्सही त्याच जातीच्या. कटोरी वॅक्स किंवा दाण्यांच्या पाकिटात येणारं हार्ड वॅक्स जाड लावायचं असतं. ते थंड होताना केसाभोवती आवळतं, कातडी त्या मानाने कमी धरतं आणि पट्टीशिवाय निघतं. अपर लिप आणि हनुवटीला हेच घ्या. त्यात बहुधा राळ असते आणि काहींना तिची अ‍ॅलर्जी असते, म्हणून आधी जबड्याखाली रुपयाएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहा. पार्लरमध्ये करणार असाल तर पाहा, ओठावरून फिरलेला स्पॅच्युला (वॅक्स लावायची चपटी काडी) पुन्हा त्याच भांड्यात जातोय का. जात असेल तर उठून या, लाजू नका.

आणि सगळ्या चेहऱ्याचं कटोरी वॅक्स कोणी कितीही आग्रहाने सुचवलं तरी गाल सोडा. गालांवरची ती मऊ लव काढण्यापायी बारीक पुरळ आणि वांग असणारीला नवे डाग, हा सौदा मला कधीच पटलेला नाही.

प्रश्न : मी नौपाड्यात राहते, कॉलेजला आहे. घरी अपर लिपला हार्ड वॅक्स करते. पावसाळा लागल्यापासून कधी ते धरतच नाही, कधी तुकडे होऊन निघतं. काय चुकतंय?

उत्तर : दोन्हीची कारणं वेगळी आहेत गं. जुलैत आपल्या ठाण्यात ओठावर सतत घाम असतो, आणि ओल्या कातडीवर वॅक्स धरत नाही. तोंड धू, पूर्ण कोरडं कर, चिमूटभर टाल्कम लाव आणि जास्तीची झटक. तुकडे होतात ते थर पातळ असल्याने, किंवा पंख्याखाली बसून फार वेळ वाळू दिल्याने. वॅक्स घट्ट मधाइतकं पातळ झालं की बस, थेट गॅसवर ठेवू नकोस. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ, चटका बसला तर थांब. ओठाची उजवी बाजू वेगळी, डावी वेगळी. केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेने लाव आणि शेवटचं टोक जाड ठेव, पकडायला. बोटाला चिकटेना पण अजून वाकतंय, अशा वेळी एका हाताने कातडी ताणून धर आणि उलट दिशेला, कातडीलगत, एका झटक्यात ओढ. वर उचलून ओढलंस तर केस तुटतात आणि रक्ताचा ठिपका उठतो. राहिलेले दोन-चार केस चिमट्याने काढ, त्याच जागी पुन्हा वॅक्स नको. नंतर गार पाण्याची घडी. दोन दिवस वाफ, स्क्रब, ब्लीच काही नाही. आणि रात्री कर, म्हणजे लगेच उन्हात जायला नको. ओठावर जर, म्हणजे तापाचे फोड, उठले असतील तर ते पूर्ण बरे होईपर्यंत वॅक्स लावू नकोस.

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो. मुलगी सोळा वर्षांची. हनुवटीवर राठ काळे केस येतात, पाळीही दोन-दोन महिने येत नाही. वॅक्स केलं तर केस आणखी जाड होतील, असं सासूबाई म्हणतात. करू द्यावं का?

उत्तर : वॅक्सने केस जाड होत नाहीत, सासूबाईंना निर्धास्त करा. पण वॅक्सच्या आधी तिला डॉक्टरांकडे न्या. हनुवटीवर राठ केस आणि लांबणारी पाळी एकत्र असली, तर पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडाने होणारा अंडाशयाचा त्रास, आहे का ते तपासायलाच हवं. तुमच्या जवळच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथल्या ओपीडीत दाखवता येईल. लेसरचा खर्च आत्ताच करू नका. हार्मोन्सचं कारण तसंच राहिलं तर नवे केस येतच राहतात. तोवर तिला स्वतःला हवं असेल तरच हनुवटीपुरतं थ्रेडिंग करा. घरातल्या कोणाला बघवत नाही म्हणून करू नका. आणि जाताना पाळीच्या मागच्या तारखा कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिल्यांदा त्याच विचारतील.