काकांच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह: स्कॅनर घेण्याआधी डबे उघडा

राम राम भाऊ.

पारोळ्याच्या तुमच्या काकांचा स्टुडिओ बंद झाला, माळ्यावरून दोन पत्र्याचे डबे आणि एक खोकं खाली आलं, त्यात अंदाजे अठराशे निगेटिव्ह, असं तुम्ही लिहिलंय. जुन्या कृष्णधवल वन-ट्वेंटीच्या (म्हणजे रुंद रोलच्या), नंतरच्या रंगीत पस्तीस एमएमच्या, शिवाय थोड्या स्लाइड. जळगावच्या दुकानदाराने ६४०० डीपीआयचा (इंचाला इतके ठिपके टिपणारा) फ्लॅटबेड, म्हणजे काचेचा सपाट स्कॅनर दाखवला. तो घ्यावा का आणि सॉफ्टवेअर कोणतं वापरावं, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

आत्ता काहीच घेऊ नका. फक्त एक ए-फोर आकाराचा लाइट पॅड आणा, चित्रकलेची मुलं वापरतात तो. त्यावर पट्ट्या मांडा, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग उलटे करण्याची सोय चालू करा आणि कॅमेरा उघडून पट्टीवर धरा. बहुतेक फोनमध्ये निगेटिव्हची लगेच पॉझिटिव्ह दिसते. रंगीत असेल तर निळसर दिसेल, पण माणूस ओळखू येतो. आणि हे एकट्याने करू नका, काकूंना शेजारी बसवा.

मी धुळ्यात गेली अकरा वर्षं हाच उद्योग करतोय. वडिलांच्या निगेटिव्हपासून सुरुवात झाली, आता कोणीही पिशवी घेऊन दारात उभा राहतो. वडिलांच्या अकराशे निगेटिव्ह होत्या. आत्याला शेजारी घेऊन चार दुपारी फोनवर बघितल्या. एका लग्नाच्या पट्टीत कडेला उभा असलेला माणूस मी सोडूनच देणार होतो. आत्या म्हणाली, "हाऊ ते आमना गाडीवान शे." त्याचं नाव, गाव, बैलांची नावं, सगळं निघालं. मी ते जागीच लिहून घेतलं. अकराशेपैकी शेवटी ३४० स्कॅन केल्या. बाकीच्यांत तीच पोझ तीनदा होती, डोळे मिटलेले होते, हललेल्या होत्या. आत्या दोन वर्षांनी गेली. स्कॅनर तर आजही बाजारात मिळतोय.

आता तो ६४०० चा आकडा. पस्तीस एमएमची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे लांबी जेमतेम १.४ इंच. एपसन व्ही ६०० च्या खोक्यावर ६४०० लिहिलेलं असतं, पण त्याच्या भिंगातून खरा तपशील साधारण १५०० ते १६०० डीपीआयचाच उतरतो. गुणाकार करा: सव्वातीन मेगापिक्सेलच्या आसपास. पाच-बाय-सातची प्रिंट बरी निघेल, भिंतीवरची मोठी नाही. ६४०० वर स्कॅन केलंत तर फाइल फुगते, तपशील तेवढाच राहतो. दूध तेवढंच, पाणी वाढवलं, अशातला प्रकार. मी फ्लॅटबेडवर २४०० किंवा फार तर ३२०० ठेवतो.

पण तोच फ्लॅटबेड वन-ट्वेंटीला उत्तम. आपल्याकडे घरोघरी आगफा क्लिक थ्री होता, त्याची सिक्स-बाय-सिक्सची चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची असते. सव्वादोन इंच. तेवढ्याच खऱ्या डीपीआयमध्ये बारा मेगापिक्सेलच्या जवळपास मिळतात. माझ्याकडे सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली अशी एक निगेटिव्ह आली होती. घरच्यांकडे तिची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच आकाराची) होती, तीत फक्त आजोबा आणि एक पांढरा घोडा दिसायचा. स्कॅन मोठा केला तर घोड्याच्या पोटाखालून पलीकडे दोन माणसं दिसली, दोघांचे हात एका रुमालाखाली. सौदा चालला होता, बोटांनी भाव ठरत होता. चाळीस वर्षं कोणालाच ते दिसलं नव्हतं.

म्हणून आधी डबे मोजा म्हणतो. वन-ट्वेंटी निम्म्याहून जास्त निघाल्या तर दुकानदाराचा फ्लॅटबेड घ्या, फक्त झाकणात फिल्मसाठी दिवा आहे ना आणि वन-ट्वेंटीचा होल्डर सोबत आहे ना, ते डोळ्यांनी बघा. घरच्या प्रिंटरवरच्या साध्या स्कॅनरवर निगेटिव्ह होत नाही. तिथे उजेड खालून येऊन परत फिरतो, आपल्याला तो फिल्ममधून आरपार जायला हवा.

पस्तीस एमएम जास्त असतील तर फ्लॅटबेड मनातून काढा. प्लस्टेक कंपनीचा ऑप्टिकफिल्म ८२००आय हा फिल्मचा स्कॅनर बघा. त्यावर ७२०० लिहिलंय, खरं साधारण सव्वातीन हजार मिळतं, म्हणजे चौदा मेगापिक्सेल. तो फक्त पस्तीस एमएमच घेतो आणि होल्डर चौकटीगणिक हाताने पुढे सरकवावा लागतो. मला सेटिंग, स्कॅन आणि सरकवणं धरून एका चौकटीला तीन-चार मिनिटं लागतात. अठराशेला किती तास होतील ते तुम्हीच काढा, म्हणजे निवड का करायची ते कळेल.

त्याच कंपनीचा ८१०० आणि हा ८२००आय यांतला फरक इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा. बहुतेक रंगीत फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात. त्यावरून यंत्राला डाग नेमका कुठे आहे ते कळतं आणि सॉफ्टवेअर तेवढी जागा भरून काढतं. खानदेशातल्या धुळीला हे वरदानच. पण कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. तिथे ही सोय चालू ठेवलीत तर माणसाच्या भुवया आणि लुगड्याचे काठ डाग समजून पुसले जातात. काकांचे कृष्णधवल रोल बहुधा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' किंवा जर्मन ओर्वो असतील. त्यांच्यासाठी इन्फ्रारेड बंद ठेवायचं आणि डाग हातानेच काढायचे, दुसरा इलाज नाही.

छोट्या डबीसारखे, बटण दाबलं की मेमरी कार्डावर फोटो देणारे कन्व्हर्टर टाळा. माझा पहिला तोच होता. आत एक साधा कॅमेरा, बाहेर मोठा आकडा. नवरीच्या शालूचा लाल रंग सपाट शेंदरी आला आणि फाइल फक्त जेपीईजी, म्हणजे नंतर सुधारायलाही वाव नाही. तो आता पुतण्याच्या खेळण्यांत आहे.

घरात कोणाकडे डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर मात्र सगळाच हिशेब बदलतो. मी स्वतः आता याच पद्धतीवर आलोय. चाळीसगावात केकी मूस घराबाहेर न पडता टेबलावर छोटंसं जग मांडून फोटो काढायचे, त्यातलं टेबल, उजेड आणि न हलणारा कॅमेरा एवढंच आपल्यालाही लागतं. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढणारी) घ्या, जुनी मॅन्युअल असली तरी चालेल. फुल फ्रेम (पस्तीस एमएमच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याला एकास एक मोठेपणा लागतो, म्हणजे चौकट सेन्सरवर तेवढ्याच आकारात उमटायला हवी, लहान सेन्सरला त्याहून कमी पुरतो. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम असेल तर पस्तीस एमएमच्या चौकटीला सव्वाचार हजार डीपीआय पडतात, घरगुती स्कॅनरपेक्षा जास्तच.

अडचण येते ती कॅमेरा आणि फिल्म समांतर ठेवण्यात. त्याला सोपी युक्ती आहे. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसेपर्यंत स्टँड हलवा. मध्यावर आलं की चारही कोपरे शार्प. उजेडाचा पॅड ९५ च्या वरच्या सीआरआयचा (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) घ्या, नाहीतर त्वचेचे रंग बिघडतात. फोनचा किंवा टॅबचा पडदा दिवा म्हणून वापरणार असाल तर फिल्म त्याच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरा, नाहीतर पडद्याचे ठिपकेच फोटोत येतात. आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ नोंद), खोलीत अंधार. एक पट्टी दोन मिनिटांत होते.

सॉफ्टवेअरचं लोक उगाच मोठं करतात. प्लस्टेकसोबत सिल्व्हरफास्ट येतं, त्याचा परवाना त्या यंत्रापुरताच असतो, सुरुवातीला तेच वापरा. जुना स्कॅनर घेतलात आणि कंपनीचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसेल तर व्ह्यूस्कॅन. फिल्मसाठी त्याची प्रोफेशनल आवृत्ती लागते. आधी फुकट उतरवून बघा. चित्रावर डॉलरच्या खुणा येतील, त्या येऊ द्या, यंत्र ओळखलं जातंय की नाही तेवढं कळलं की मग पैसे भरा.

कॅमेऱ्याने काढणार असाल तर डार्कटेबल पूर्ण फुकट आहे आणि त्यात नेगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. रंगीत निगेटिव्हला जो नारिंगी पडदा असतो तो आधी वजा करावा लागतो, नुसतं उलटं करून भागत नाही, सगळं निळं-हिरवं होतं. म्हणून प्रत्येक रोलमधली एक तरी चौकट अशी काढा की दोन चौकटींमधली कोरी नारिंगी पट्टी फोटोत येईल. नेगाडॉक्टरमध्ये ड्रॉपर घेऊन ती पट्टी दाखवायची. मग सावलीचा आणि उजेडाचा रंग ठरवायचा. एका चौकटीवर जमलं की तीच सेटिंग त्या रोलच्या बाकी चौकटींवर चिकटवा, तोंडवळे आपोआप जवळ येतात. निगेटिव्ह लॅब प्रो नावाचं दुसरं सॉफ्टवेअर झटपट रंग देतं हे खरं, पण त्याला अडोबीचं लाइटरूम क्लासिक लागतं आणि त्याचं भाडं चालू राहतं. अठराशेतल्या चारशेसाठी मी ते भाडं भरणार नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये हे काम काढू नका. पारा पंचेचाळीसवर, हवा कोरडी, फिल्म गुंडाळी होऊन होल्डरमधून उसळते आणि घर्षणाच्या स्थिर विजेने धूळ ओढून घेते. पंखा लावला तर धूळ उडते, बंद केला तर घामाचा थेंब निगेटिव्हवर पडतो. मी त्या दिवसांत पहाटे पाचला बसायचो, फरशी ओल्या फडक्याने पुसून, पंखा बंद ठेवून, साडेसातला आवरायचं. पावसाळ्याच्या अखेरीस सगळ्यात बरं, फक्त काम झालं की फिल्म हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायची. नाहीतर बुरशी धरते.

बुरशीवरून सांगतो. एका निगेटिव्हवर पांढरी जाळी दिसली म्हणून मी ओल्या सुती कापडाने हळूच पुसली. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं हे मला माहीत नव्हतं. कापडावर करडा डाग आला आणि फिल्मवर मावशीच्या चेहऱ्याच्या जागी काच. त्या फोटोची दुसरी प्रत नव्हती. पाणी लावू नका. आधी हाताने दाबायचा ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि अगदीच गरज पडली तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही चकचकीत बाजूने. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. जास्त बुरशी असलेली फिल्म आहे तशीच स्कॅन करा. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर त्या पट्ट्या लगेच वेगळ्या ठेवा आणि त्याच आधी स्कॅन करा. त्यांचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजतोय, आणि तो वास शेजारच्या फिल्मलाही बिघडवतो.

फाइल १६ बिट टिफमध्ये ठेवा, पस्तीस एमएमची एक साधारण १०० एमबी होते. दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात डब्याचा नंबर आणि पट्टीचा नंबर घाला, म्हणजे मूळ निगेटिव्ह परत सापडते.

डबे उघडल्यावर लाइट पॅडवर पाच-सहा पट्ट्या मांडून कडेवरची अक्षरं वाचता येतील असा एक फोटो पाठवा. वन-ट्वेंटी किती, पस्तीस किती तेही लिहा, मग तो फ्लॅटबेड घ्यायचा का ते ठरवू.