आईच्या केअर होममध्ये ‘पारो’ रोबो आणणार आहेत. आपण संमती द्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे : तुमच्या आईंना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे, त्या ब्रिस्बेनमधील एका केअर होममध्ये राहतात, आणि तेथील कर्मचारी त्यांच्यासाठी ‘पारो’ नावाचा सीलच्या पिल्लासारखा रोबो वापरू इच्छितात. आईंना तो खरा प्राणी वाटला तर ती त्यांची फसवणूक होईल, अशी तुम्हाला भीती वाटते. मी ऑस्ट्रेलियाच्या त्याच क्वीन्सलँड राज्यातील अशाच एका केंद्रात परिचारिका आहे आणि माझ्या मते तुम्ही संमती द्यावी. मात्र तो रोबो कोण, केव्हा आणि किती वेळ वापरणार, हे आधी नीट विचारून घ्यावे, कारण सारा फरक तेथेच पडतो.

पारो जपानमधील एआयएसटी या संशोधन संस्थेत ताकानोरी शिबाता यांनी विकसित केला. त्याचे काम १९९३ मध्ये सुरू झाले, २००५ पासून तो जपानमध्ये विकला जाऊ लागला आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. सीलच का, असे अनेक नातेवाईक विचारतात. कुत्र्यामांजरांशी आपला आयुष्यभराचा परिचय असल्यामुळे त्यांची नक्कल हाती आली की उणिवा लगेच जाणवतात. सीलचे पिल्लू मात्र बहुतेकांनी कधी हाताळलेले नसते, त्यामुळे तुलना करायला मनात काही नसते. पांढऱ्या, दाट केसांच्या आवरणाखाली स्पर्श, प्रकाश, आवाज आणि तापमान ओळखणारे सेन्सर असतात. पाठ कुरवाळली की तो मान वळवतो, डोळे मिटतो आणि बारीक आवाज काढतो. मिशांना हात लावलेला मात्र त्याला आवडत नाही. वजन अडीच किलोंहून थोडे जास्त, म्हणजे मांडीवर घेतल्यावर तान्ह्या बाळासारखेच.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पारो बोलत नाही. स्मृतिभ्रंश वाढत गेला की नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते आणि मातृभाषा मागे उरते. आमच्याकडील एका मराठी आजींचे इंग्रजी जवळजवळ संपले होते आणि त्या बहुतेक वेळ गप्प बसून असत. पारो मांडीवर दिल्यावर त्या त्याला थोपटू लागल्या, ‘झोप हं, झोप’ म्हणू लागल्या. शेजारी बसलेल्या नेपाळी सेविकेने हात पुढे केला, तेव्हा आजींनी तिचा हात धरून ‘असं नाही, असं हळू’ म्हणत कसे थोपटायचे ते तिला दाखवले. सेविकेला शब्द कळले नाहीत, तरी अर्थ पूर्ण पोहोचला. जिला दिवसभर सगळे दुसऱ्यांकडून करून घ्यावे लागते, तिला काही वेळ कोणाचे तरी करता येते, हे मला या उपकरणाचे सर्वांत मोठे मोल वाटते.

संशोधन काय सांगते, तेही अतिशयोक्ती न करता सांगते. ग्रिफिथ विद्यापीठातील वेंडी मॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच क्वीन्सलँडमधील २८ केंद्रांत, ४१५ रहिवाशांसह मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला पारो दिला, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण यंत्रणा बंद केलेला पारो, आणि तिसऱ्या गटाची नेहमीची काळजी चालू ठेवली. चालू पारोशी लोक अधिक बोलले आणि त्याच्याकडे अधिक पाहत राहिले; नेहमीच्या काळजीच्या तुलनेत आनंद वाढलेला आणि अस्वस्थता कमी झालेली दिसली. परंतु अस्वस्थतेच्या बाबतीत चालू पारो बंद पारोपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला नाही. म्हणून काही हजार डॉलरचा रोबो परवडत नसेल, तर मऊ बाहुली किंवा साधे यांत्रिक मांजरही आधी देऊन पाहण्यासारखे आहे. अस्वस्थ रहिवाशाला गुंगीची औषधे देण्याच्या सवयीवर वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) २०२१ च्या अंतिम अहवालात कठोर टीका केली होती. त्या पार्श्वभूमीवर औषधाविना काही मिनिटांचा दिलासासुद्धा मला क्षुल्लक वाटत नाही.

आता फसवणुकीविषयी. ‘हा खरा आहे’ असे आम्ही आपणहून कधीही सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नये. आईंनी विचारले, तर ‘हा यंत्राचा आहे, पण कुरवाळला की आवाज करतो’ असे सरळ सांगावे. पुष्कळांना तो यंत्र आहे हे ठाऊक असते आणि तरीही त्याचे लाड करायला आवडते. कोणी त्याला बाळ समजून बोलत असेल, तर वाद घालून चूक पटवून देण्यात त्या व्यक्तीचा मानभंग होण्यापलीकडे काही साधत नाही. आपण तिच्या भावनेला साथ द्यावी, खोट्या माहितीची भर घालू नये. खरी फसवणूक मला दुसरीकडे दिसते : माणूस कमी पडतो म्हणून रोबो मांडीवर ठेवून निघून जाण्यात. जपानमधील एका केअर होममध्ये संशोधन करणारे जेम्स राइट यांना असे आढळले की रोबोंमुळे कर्मचाऱ्यांचे काम कमी होण्याऐवजी वाढले. पारोसोबत कोणीतरी बसावे लागते, तो पुसावा लागतो, चार्ज करावा लागतो, एखाद्या रहिवाशाला त्याची अति ओढ लागली तर तेही सांभाळावे लागते. हा वेळ गृहीत न धरणाऱ्या केंद्रात रोबो कपाटात जातो किंवा एकट्या माणसाच्या मांडीवर पडून राहतो.

त्यामुळे केंद्रप्रमुखांना विचारा की पारोच्या वेळी आईंजवळ कोण बसणार, संध्याकाळी त्यांची घालमेल वाढते तेव्हा तो देता येईल का, दोन रहिवाशांमध्ये त्याची स्वच्छता कशी होते, आणि आईंचे फिरणे किंवा इतर कार्यक्रम त्यासाठी कमी तर होणार नाहीत ना. आईंना प्राण्यांची भीती किंवा किळस असेल, तर ती आधीच लिहून द्या. पहिल्यांदा तो आणतील तेव्हा शक्यतो तुम्ही तेथे असा, मराठीतून बोला, आणि तो थेट मांडीवर न ठेवता समोरच्या टेबलावर ठेवायला सांगा. त्यांनी दूर ढकलला, तर त्या दिवसापुरते तेथेच थांबावे.