फेअरवेलच्या पुस्तकात काय लिहू?

या वेळी आलेली निम्मी पत्रं सैनिकी शाळांतली आहेत, कारण बारावीच्या फेअरवेलचा सीझन आहे आणि पोरं, आया, जुने विद्यार्थी सगळेच हळवे झालेत. म्हणून हा अंक त्यांनाच देतोय. बाकीच्यांनी थोडं थांबा, तुमची पत्रं जपून ठेवलीत.

प्रश्न : सर, मी सहावीपासून सैनिक शाळेत आहे, आता बारावी. आमच्याकडे फेअरवेलला बॅचचं एक पुस्तक निघतं, त्यात प्रत्येकाचा फोटो, टोपणनाव, एक आठवण आणि शेवटी ‘दहा वर्षांनी मी कुठे असेन’ अशी ओळ. जवळपास सगळ्यांनी आर्मी, नेव्ही नाहीतर एअरफोर्स लिहिलंय. माझी सप्टेंबरची एनडीएची, म्हणजे बारावीनंतर अधिकारी घडवणाऱ्या संरक्षण प्रबोधिनीची, रिटन गेली, गणितात मार खाल्ला. आणि खरं सांगायचं तर मला फूड प्रोसेसिंग करायचंय, आमचं साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात आल्याचं शेत आहे, भाव पडला की सगळं मातीमोल होतं ते मी बघितलंय. पण बाबांनी गावभर सांगून ठेवलंय की पोरगा ऑफिसर होणार. आठवणींच्या रकान्यात पण सगळे रगड्याचेच, म्हणजे अंग मोडणाऱ्या शिक्षांचेच, किस्से लिहितायत, मला ते लिहावंसं वाटत नाही. काय करू?

उत्तर : आधी ती ओळ बघू. सगळे एकच उत्तर लिहितात यात पोरांचा दोष नाही रे, या शाळा काढल्याच त्यासाठी. 1961 साली कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना ही योजना आली, सैन्यात अधिकारी म्हणून ठरावीक भागातली आणि ठरावीक घरातलीच मुलं जातात, ते बदलावं म्हणून, आणि देशातली पहिली सैनिक शाळा त्याच वर्षी 23 जूनला साताऱ्यात सुरू झाली. एनडीएसाठी मुलं तयार करणं हे यांचं लिखित काम आहे. त्यामुळे असेंब्ली हॉलमध्ये एनडीएला गेलेल्यांची नावं सोनेरी अक्षरात लागतात आणि सहावीतलं पोरगं पहिल्याच दिवशी मान वर करून ती वाचतं. सात वर्षं रोज तो बोर्ड बघितल्यावर ‘आल्याचं प्रोसेसिंग’ लिहायला हात अडखळणारच.

पण हिशोब बघ. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एका वेळी साधारण 400 जागा, त्यात नेव्हल अकॅडमी पण आली, आणि देशभरातून फॉर्म भरणारे लाखांत. रिटन 900 मार्कांची, एसएसबी म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि इंटरव्ह्यू 900 चे, वर मेडिकल. चांगली चांगली पोरं एसएसबीतनं ‘कॉन्फरन्स आऊट’, म्हणजे शेवटच्या टप्प्यात बाद, होऊन येतात, काहींना डोळ्याच्या नंबरापायी घरी यावं लागतं. तुझ्या पुस्तकात ज्यांनी आर्मी लिहिलंय त्यातले सगळे जाणार नाहीत हे त्यांनाही माहितीये, फक्त कुणी बोलत नाही, कारण फेअरवेलच्या पुस्तकात खरं लिहिण्याची पद्धत नाही.

तुझ्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तू ते एकात कालवलेयस. पहिला, तुला सैन्यात जायचंय का? जायचं असेल तर रिटन एकदा गेली म्हणून काही बिघडत नाही, एप्रिलची परीक्षा आहे, वय साडेसोळा ते साडेएकोणीस बसतंय तोवर देता येते, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये 60 टक्के आणि जेईई मेन दिलेली असली तर टेक्निकल एंट्री आहे, ग्रॅज्युएशननंतर अधिकारी व्हायला सीडीएसची परीक्षा आहे, एअरफोर्सची एएफकॅट आहे. मी स्वतः सीडीएसवाला. माझं नाव आमच्या शाळेच्या बोर्डावर नाही, कारण तो बोर्ड फक्त एनडीएचा, आणि माझ्या आईला त्याचं माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं. दुसरा प्रश्न, तुला सैन्यात जायचंच नसेल तर तसं सांगायला तू घाबरतोयस का? तुझं पत्र दोनदा वाचलं, त्यात सैन्याबद्दल ‘मला जायचंय’ असं एकही वाक्य नाही. आल्याबद्दल मात्र आहे.

तेव्हा लिही बिनधास्त, सुंठ, पेस्ट, जे काही डोक्यात असेल ते. पण पुस्तक छापून यायच्या आधी बाबांशी बोल, गावात पुस्तक पोचल्यावर त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर ते फार लागेल. फोनवर नको बोलू, पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर बांधावर बोल, आणि कृषी विद्यापीठाच्या फूड टेक्नॉलॉजीच्या ॲडमिशनची माहिती, कोणती सीईटी, कुठली कॉलेजं, फी किती, हे कागदावर काढून ने. ‘ऑफिसर नाही होणार’ एवढंच ऐकवलंस तर भांडण होईल, हातात कागद असला की निदान चर्चा होते. साताऱ्याकडची माणसं, त्यात अपशिंग्यासारखं गाव तुमच्या जिल्ह्यात, पहिल्या महायुद्धात एका गावातली 46 माणसं कामी आली आणि अजून घरटी माणूस फौजेत, तिथे बापाला वर्दीचं वेड असणारच. ते वेड खोटं नाही, त्याची चेष्टा नको करू.

आता आठवणीचं. रगड्याचे किस्से सगळे का लिहितात सांगू? ते सांगायला सोपे असतात. मध्यरात्री फॉल-इन, कोपरावर फ्रंट रोल, थंडीत बनियनवर ग्राउंडला चक्कर, ऐकणारा हसतो, सांगणारा मर्द ठरतो. मला विचारशील तर शाळेतली माझी पक्की आठवण धोब्याच्या गाठोड्याची आहे. प्रत्येक कपड्यावर शाळेचा नंबर लागायचा, बनियन, मोजे, रुमाल सुद्धा, आणि कुणाच्या आईने तो लाल दोऱ्याने शिवलेला असायचा, कुणाचा मार्किंग इंकने, कुणाचा बापाने बॉलपेननेच लिहिलेला जो पहिल्या धुण्यात उडायचा. बारावीत मी हाऊसच्या, म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या, लाँड्रीचा इनचार्ज होतो, दर आठवड्याला ते गाठोडं सोडून सहावीच्या पोरांना कपडे वाटायचो आणि महिनाभरात मला नंबरावरून घर कळायला लागलं, कुणाच्या घरी शिवणकाम येतं, कुणाला आई नाही. एका पोराच्या सगळ्या मोज्यांवर नंबर उलटा शिवलेला, म्हणजे शिवणारीला आकडे वाचता येत नसावेत. त्याला मी कधी त्यावरून बोललो नाही, दुसऱ्यांनाही बोलू दिलं नाही. असलं काहीतरी तुझ्याकडेही असेल. तुला सिनिअर म्हणून ज्युनिअरला एमआय रूमला, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, नेलेलं आठवत असेल, बेडची चादर ताणायला शिकवलेली आठवत असेल, ते लिही.

प्रश्न : आमचा मुलगा सातवीत आहे, दिवाळीला बार्शीला घरी आला तेव्हा पहाटे उठून अंथरुणाची घडी घालत होता, आम्हाला कौतुक वाटलं. मग एका रात्री रडत म्हणाला की सिनिअर दादा लोक रात्री लाइट्स आऊट झाल्यावर त्यांचे मोजे धुवायला लावतात, नाही धुतले तर मुर्गा. कुणाला सांगू नको म्हणतो, सांगितलं तर सगळे चिडवतील. ह्यांचं म्हणणं, फौजेत जायचं तर एवढं सोसावंच लागतं. काय खरं? त्याला शाळेतून काढू का?

उत्तर : ताई, तुमच्या ह्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की मी फौजेत होतो आणि तिथे मला कुणी कुणाचे मोजे धुवायला लावले नाहीत. पीटीच्या उस्तादाने उशिरा आलेल्याला मैदानाची एक चक्कर जास्त मारायला लावली तर ती शिक्षा, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, देणाऱ्याला अधिकार असतो आणि वर जाब विचारणारा असतो. लाइट्स आऊटनंतर सतरा वर्षांचं पोरगं बारा वर्षांच्या पोराला राबवतं त्याला शिस्त म्हणत नाहीत. तो सतरा वर्षांचा पण सातवीत असताना मोजे धूत होता, म्हणून त्याला ते बरोबर वाटतं, आणि तुमचा मुलगा बारावीत गेल्यावर त्यालाही वाटेल, हे मला जास्त काळजीचं वाटतं.

करायचं काय ते सांगतो. हाऊस मास्टरना फोन करा, पण त्याच दिवशी प्रिन्सिपलना ईमेल किंवा पत्र पण टाका, तारीख घालून, तोंडी बोलणं विरून जातं. संरक्षण मंत्रालयाच्या सोसायटीची जुनी सैनिक शाळा असेल तर तिथे प्रिन्सिपल सेवेतले लष्करी अधिकारी असतात, त्यांना लेखी तक्रार म्हणजे काय ते नीट कळतं. जिल्ह्याजिल्ह्यात ज्या खासगी संस्थांच्या सैनिकी शाळा आहेत त्या वेगळ्या, तिथे संस्थाचालक आणि जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे आणि त्यात वसतिगृहंही येतात, हे पत्रात एका ओळीत लिहा, पुरतं. पत्रात एकट्या मुलाच्या नावाने तक्रार नको, ‘या हाऊसमध्ये रात्री हे चालतं’ असं लिहा म्हणजे चौकशी सगळ्यांची होईल आणि पोरगं एकटं उघडं पडणार नाही. हात उगारला असेल, जखम असेल, तर वाट बघत बसू नका, चाइल्डलाइनचा 1098 नंबर आहे, आणि सरळ जाऊन मुलाला भेटा.

शाळेतून काढू का असं तुम्ही शेवटी विचारलंयत. घाई नका करू, शाळा पत्रावर काय करते ते बघा, त्यावरून शाळा कळेल. आणि मुलाला विचारा, त्याला तिथे काय आवडतं. घोडा, पोहणं, मित्र, काहीही नाव आलं तर थांबा.

प्रश्न : आम्ही 1980 च्या दशकातले माजी विद्यार्थी. रियुनियनला शाळेत गेलो तर ग्राउंडवर मुली ड्रिल करत होत्या. बॅचच्या ग्रुपवर मोठं भांडण झालं, निम्मे म्हणतात आमची मुलांची शाळा संपली, ती मजा गेली, तो मोकळेपणा गेला. तुमचं मत?

उत्तर : मजा गेली हे खरं असेल, म्हणजे टॉवेल लावून व्हरांड्यात फिरायची मजा. तेवढी गेली तर जाऊ द्या साहेब.

गंमत बाजूला ठेवतो. मिझोरामच्या छिंगछिपच्या शाळेत आधी प्रयोग झाला आणि 2021-22 पासून सगळ्या सैनिक शाळांत सहावीला मुली घेतात. त्याच सुमाराला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये खडकवासल्याला एनडीएत दाखल झाली आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 जणी पास आऊट झाल्या. मग शाळा एनडीएसाठी मुलं तयार करणार असेल आणि एनडीएत मुली असतील तर शाळेत मुली नकोत हे कुठल्या तर्काने?

साताऱ्याच्याच शाळेचे कर्नल संतोष महाडिक 2015 साली कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर चेन्नईच्या अकॅडमीत ट्रेनिंग घेतलं आणि 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या, दोन मुलांची आई असताना, वयाची सवलत घेऊन, बाकी ट्रेनिंग मात्र सगळ्यांसारखंच. तुमच्या ग्रुपवर महाडिकांच्या नावाने डीपी ठेवणारे असतील, त्यांना हे आठवण करून द्या, भांडण निम्मं तिथेच मिटेल.

मुलांच्याच शाळेत वाढलेल्या आपल्या पिढीचा एक तोटा पण झाला, बोलून टाकतो. बारावी संपून कॉलेजला गेलो तेव्हा वर्गातल्या मुलीकडे नोट्स मागायच्या कशा हे मला कळत नव्हतं, मी सावधानमध्ये उभा राहून मागितल्या. आमच्या बॅचला अजून तो किस्सा पुरतो.

रियुनियनला पुढच्या खेपेला गेलात तर एक करा. पेढे आणि ट्रॉफी देऊन फोटो काढण्यापेक्षा बारावीच्या वर्गात तासभर बसा, आणि तुमच्यातले जे सैन्यात गेले नाहीत त्यांनाच बोलायला लावा, बँकवाला, वकील, ज्याचा सिमेंटचा धंदा बुडून परत उभा राहिला तो. ब्रिगेडियर झालेले दरवर्षी बोलतातच. वरच्या आल्यावाल्या पोराला असा एक माणूस आधीच भेटला असता तर त्याला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

प्रश्न : सर रिटन क्लिअर झाली, एसएसबीची तारीख यायचीये, बाबा म्हणतात कोचिंगला एवढे पैसे घाल, पुण्यात दोन आठवड्यांचा कोर्स. लावू का?

उत्तर : अभिनंदन. परवडत असेल आणि तुला ग्रुपमध्ये बोलायची अजिबात सवय नसेल तर लाव, पण कर्ज काढून नको. शब्द दाखवला की 15 सेकंदात वाक्य, असे 60 शब्द, आणि अर्ध्या तासात 60 प्रसंगांत काय करशील ते लिहिणं, हा एसएसबीचा सराव तू आणि तुझा डॉर्ममेट घड्याळ लावून फुकट करू शकता. कोचिंगवाले ‘हे उत्तर लिहा’ म्हणून पाठ करून घेतात ते टाळ, सायकॉलॉजिस्ट रोज तीच वाक्यं वाचून कंटाळलेले असतात. इंटरव्ह्यूला मात्र स्वतःची माहिती चोख ठेव, गावाची लोकसंख्या, बाबांचं उत्पन्न, दहावीचे मार्क, शाळेत कुठल्या टीममध्ये होतास आणि कुठून काढलं, सगळं. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स जवळ ठेव, त्यात लिहिलंय तेच तोंडी यायला हवं. आणि स्पोर्ट्स शूज नवे घेणार असशील तर आत्ताच घे, ऑब्स्टॅकल्सच्या दिवशी नव्या बुटांचे फोड येतात.